माळ्यावरचं विजेचं सामान: काय वापरायचं, काय विकायचं, कशाला हात लावायचा नाही? (नागपूर)

संत्राबर्फी

कूलर खिडकीतून उतरले, दिवाळीची सफाई तोंडावर आली. दारावर कबाडी येतो, सगळं एकाच काट्यावर चढतं, तो हातात काही नोटा टेकवतो आणि विषय संपतो. तसं नको आहे. माल नागपुरातल्या कुठल्याही माळ्यावर निघेल तोच:

१८ इंची लोखंडी कूलर (मोटर नुसती गुणगुणते, पंप बंद), मिक्सर (जळका वास), फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर, चोकवाल्या चार ट्यूबलाइट पट्ट्या, डबाभर बंद पडलेले एलईडी बल्ब, इन्व्हर्टरची १५० एएचची बॅटरी, मायक्रोवेव्ह आणि पाठीमागे पोट असलेला डबडा टीव्ही.

यातलं घरी दुरुस्त होण्यासारखं काय? सुटे भाग काढून ठेवण्यासारखं काय? आणि जे कबाडीला द्यायचंच नाही, ते द्यायचं कुठे? "नवीन घेऊन टाका" असं लिहिणाऱ्यांनी सोबत पैसेही पाठवावेत.

तर्रीपोहे

नागपुरात कूलर फेकत नाहीत भाऊ, वाटणीत देतात.

फुटाळा

कूलरपासून सुरू करू. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, याचा अर्थ ती जळली असा होत नाही. प्लग काढा आणि पातं हाताने फिरवा. मोकळं फिरत असेल तर दहात आठ वेळा दोष कपॅसिटरचा (मोटरीला सुरुवातीचा झटका देणारा, दोन वायरींचा छोटा डबा). या मोटरींना बहुतेक ४ मायक्रोफॅरडचा लागतो, पण अंदाज नको. जुन्यावर छापलेला आकडा आणि व्होल्टेज (४४० असेल तर ४४०) तेच घ्या. कपॅसिटर मोजता येणारा मल्टिमीटर असेल तर ४ च्या जागी ३ किंवा त्याखाली वाचन आलं की तो बाद. मोजण्याआधी त्याची दोन टोकं होल्डरमधल्या साध्या पिवळ्या बल्बला टेकवून रिकामा करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडणारे हुशार फार असतात, त्यांचं ऐकू नका.

पातं जड फिरत असेल तर बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या धातूच्या कड्या) कोरडे पडले आहेत. दोन्ही टोकांना शाफ्टभोवती फेल्टची चकती असते, तिच्यावर शिलाई मशीनचं तेल चार-पाच थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. खोबरेल तेल नको, हिवाळ्यात गोठून चिकट होतं. शाफ्ट आडवा हलवून खडखड येत असेल तर बुश झिजलेत. ते बदलून मिळतात, मोटर बदलायची गरज नाही.

लोहाओळी

फुटाळा यांच्याशी सहमत, एक भर. रिवाइंडिंगला (मोटरीत नवी तार भरायला) टाकण्याआधी आत तांब्याची तार आहे की अॅल्युमिनियमची ते बघा. दोन्हींवर तोच लालसर लाखेचा लेप असतो, वरून ओळखू येत नाही. तार जिथे टर्मिनलला येते तिथे ब्लेडने हलकं खरवडा. आतून पांढरी निघाली तर अॅल्युमिनियम. त्या मोटरीला रिवाइंडिंगचे पैसे घालण्यात अर्थ नाही. तांब्याची असेल तर करून घ्या, पण काम सांगताना तांब्याचीच तार भरायची हे आधी ठरवा आणि घेताना पुन्हा एकदा खरवडून बघा.

विकतानाही हाच फरक. तांबं अॅल्युमिनियमच्या कितीतरी पट महाग जातं. अख्खी मोटर लोखंडाच्या भावात काट्यावर टाकली की आतली तार कबाडीला फुकट.

मुगवडी

मोटर चालू झाली तर ती वापरायची कुठे? किचनच्या एक्झॉस्टला लावली तर?

फुटाळा

@मुगवडी ताई, नको. कूलरची मोटर थंड ओल्या हवेत चालायच्या हिशेबाने बनलेली असते. तेलकट गरम वाफेत तिचे बुश आणि लेप दोन्ही लवकर जातात. जाळी लावून जमिनीवर ठेवली तर वड्या-पापड वाळवायला, पावसाळ्यात धुतलेल्या चादरी सुकवायला किंवा गावाकडे धान्य उफणायला छान चालते. जाळीची फट बोट न जाण्याइतकी हवी. हिच्यावर धार लावायचा दगड मात्र बसवू नका. सुरुवातीचा जोर कमी असतो आणि बुश आडवा दाब सहन करत नाही.

वायरमन_रिटायर्ड

पंपाचं कोणी बोललंच नाही. नागपुरात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा पंप बहुतेक वेळा क्षारांनी अडकलेला असतो, जळलेला नाही. प्लग काढून, पुढची जाळी आणि झाकण सरकवून उघडा. आत पंख्याला जोडलेला चुंबकाचा रोटर असतो, तो सरळ ओढून बाहेर येतो. तिरका ओढू नका, मधली काडी चिनीमातीची असली तर टचकन तुटते. कोमट पाण्याच्या मगात चमचाभर लिंबूसत्व टाकून रोटर आणि झाकण अर्धा तास ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा. बसवा. बादलीत बुडवूनच चालू करा. कोरडा चालवलात तर खरंच जळेल.

आता महत्त्वाचं. पंपाच्या अंगाला चीर असेल, वायर कुठे सोललेली असेल किंवा टेप गुंडाळलेली असेल तर तो दुरुस्त करायचा नाही. वायर कापून निकामी करून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही. तो पाण्यात बसतो आणि कूलरचं अंग लोखंडी असतं. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकने माणसं जातात. महावितरण दरवर्षी तेच सांगते: तीन पिनचा प्लग, चालू अर्थिंग, पाणी भरताना प्लग बाहेर. जुना कूलर पुन्हा उभा करणार असाल तर अर्थिंगची हिरवी वायर बॉडीला स्क्रूने, खालचा रंग खरवडून लावा आणि त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा. नुसता एमसीबी (जास्त लोडला उडणारा स्विच) शॉकपासून वाचवत नाही.

तर्रीपोहे

आणि बॉडी? तिचं तर खाली पार चाळण झालं असतं.

लोहाओळी

बाजूंचे पत्रे धड असतात, सडते ती टाकी. छोटी छिद्रं असतील तर गंज तारेच्या ब्रशने काढा, एम-सील भरा, एक दिवस वाळू द्या, मग आतून डांबरी काळा रंग दोन हात. पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा नको. पत्रा बोटाने दाबून लवत असेल तर सोडून द्या.

खालचं अँगलचं स्टँड कधीच विकू नका. कुंड्या, वॉशिंग मशीन, पाण्याची टाकी, काहीही ठेवा.

अंबाझरी

रिकामी टाकी अंगणात उघडी ठेवू नका एवढंच सांगते. डेंग्यूच्या डासाची अंडी पाणी आटल्यावर कडेला चिकटून महिनोन्महिने टिकतात. पुढच्या वर्षी पाणी भरलं की अळ्या तयार. कडा घासूनच ठेवायच्या. आणि खसाच्या जुन्या ताट्या दोनदा धुऊन, क्षार काढून, सोडवून कुंड्यांमध्ये मातीवर पसरता येतात. लाकडी भुशाच्या ताट्यांवर क्षारांचा थर फार असतो, त्या नकोत.

मल्टिमीटर

मिक्सर. जळका वास दोन प्रकारचा. ठिणग्या आणि उग्र वास असेल तर कार्बन ब्रश. धूर आणि लाख जळल्याचा वास असेल तर आर्मेचर (मोटरीचा तार गुंडाळलेला फिरता भाग).

आधी तळाचं लाल बटण दाबून बघा, ओव्हरलोडने उडालं असेल. ते परत परत उडत असेल तर मोटरीआधी भांडं तपासा. पातं हाताने मोकळं फिरत नसेल तर भांड्याचा बुश अडकलाय आणि मोटर बिचारी विनाकारण मार खातेय. कार्बन ब्रश ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर दोन्ही एकदम बदला, जुन्याच्या मापाचे. मोठे निघाले तर घासून बसवता येतात, लहान चालत नाहीत. ब्रश जिथे घासतात ते तांब्याचं गोल काळं पडलं असेल तर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं पुसा. लोखंड घासायचा काळा एमरी पेपर वापरू नका, त्याची पूड तांब्याच्या पट्ट्यांमध्ये बसून शॉर्ट करू शकते. नवीन ब्रश बसवल्यावर पाच-दहा मिनिटं भांड्याशिवाय, थांबत थांबत चालवा.

आर्मेचरच गेलं असेल तर साधारण मिक्सरला खर्च परवडत नाही. भांडी, झाकणं, कपलर (भांडं ज्यावर बसतं ती दातेरी चकती), स्विच काढून ठेवा. बाकीचं तांबं-लोखंड म्हणून जाऊ द्या. कपलर काढताना आटे बघा, बऱ्याच मिक्सरमध्ये उलटे असतात. जोर लावून तोडतात लोक.

संत्राबर्फी

वा! स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर तर कामाचा असेल ना? बारा व्होल्टचा चार्जर वगैरे?

मल्टिमीटर

@संत्राबर्फी, अजिबात नाही. स्टॅबिलायझरमध्ये ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो. एकच गुंडाळी, मधून फाटे काढलेले. मेनलाइन आणि बाहेर येणारी वायर यांच्यात काहीच वेगळेपण नसतं, कमी व्होल्टेजच्या टोकालाही हात लावला तर शॉक बसू शकतो. चार्जर त्याच्यावर करायचाच नाही. धातू म्हणून विका, आतले रिले आणि व्होल्टमीटर हवे तर काढा.

बारा व्होल्ट हवे असतील तर बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा किंवा राउटरचा अॅडॉप्टर शोधा. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. पिनचं चित्र छापलेलं असतं, मधला भाग धन की ऋण ते जुळवा.

झिरोमाईल

एलईडी बल्बबद्दल. बल्बाच्या आतला एक बारका दिवा मेला की अख्खी माळ बंद, कारण सगळे एकापुढे एक जोडलेले. पांढरं झाकण सुरीने फिरवून काढा, ज्या दिव्यावर काळा ठिपका असेल तो मेलेला. एकच असेल तर त्याची दोन टोकं सोल्डरने जोडून टाका. दोन किंवा जास्त असतील तर सोडा, बाकीच्यांचं आयुष्यही संपत आलंय. मल्टिमीटरच्या डायोडवर तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा: ९ वॅटच्या बल्बातल्या एका पिवळ्या ठिपक्यात दोन-तीन चिप असू शकतात, त्यांना ६ किंवा ९ व्होल्ट लागतात. मीटरवर पेटला नाही म्हणजे मेला असं नाही.

आयसीजवळ दोन बारके रेझिस्टर शेजारी शेजारी असतील तर त्यातला एक काढला की प्रकाश कमी होतो, पण बल्ब बराच जास्त टिकतो. जिना, संडास, देवघर इथे पुरतो. मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांपर्यंत गेलेल्या शहरात उष्णता हाच बल्बाचा मुख्य शत्रू. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर १० अंशांना निम्मं आयुष्य गमावतो. बंद काचेच्या गोळ्यात एलईडी लावू नका.

सावधान, या बल्बांचा ड्रायव्हर (आतलं सर्किट) बहुतेक मेनलाइनपासून वेगळा केलेला नसतो. उघडा बल्ब होल्डरला लावून बोट लावू नका.

तर्रीपोहे

काहून बाप्पा, चाळीस-पन्नासच्या बल्बासाठी एवढी शस्त्रक्रिया करून राहिले?

झिरोमाईल

डबाभर आहेत म्हणते ना ती. आणि सोल्डरिंग शिकायला याहून स्वस्त काय?

वायरमन_रिटायर्ड

ट्यूबच्या पट्ट्या फेकू नका. लोखंडी पट्टी आणि होल्डर तसेच ठेवून चोक-स्टार्टर काढा, एलईडी ट्यूबवर छापलेल्या चित्राप्रमाणे फेज-न्यूट्रल द्या. काहींना एकाच टोकाला लागतं, काहींना दोन टोकांना. चित्र न बघता जोडलं तर फ्यूज जातो. ३६ वॅटची ट्यूब तांब्याच्या चोकसकट ४५ ते ५० वॅट ओढायची, आता १८-२० मध्ये काम होतं. चोक जड असतात, आत तांबं, चांगले विकले जातात.

जुन्या ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, मिलिग्रॅममध्ये का होईना. नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवा. फुटली तर खिडक्या उघडून, पंखा बंद करून पंधरा मिनिटं खोलीबाहेर. मग जाड कागदाने काचा गोळा करायच्या, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपायची. झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच, पारा हवेत पसरतो.

फुटाळा

बॅटरी. १५० एएचची ट्यूब्युलर पाण्यासकट ५०-६० किलो भरते, त्यात निम्म्याहून जास्त शिसं. कबाडी ती उलटी करून अॅसिड नालीत ओततो आणि सुकी तोलतो, तिथेच गडबड. घरी सांडू नका, आडवी करू नका, दोघांनी उभी उचला. थोडं सांडलंच तर खाण्याचा सोडा टाका, फसफस थांबेपर्यंत.

देण्याआधी ती खरंच मेली का बघा. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, पूर्ण चार्ज करा, हायड्रोमीटरने (अॅसिडची घनता दाखवणारी नळी) सहाही खाणी (सेल) मोजा. पूर्ण चार्जला १.२४ च्या आसपास यायला हवं. पाच सारख्या आणि एक ०.०५ ने खाली असेल तर ती एक खाण गेली, म्हणजे बॅटरी गेली. सगळ्याच सारख्या खाली असतील तर आणखी एकदा सावकाश चार्जिंग करून बघण्यासारखी आहे. गेली असेल तर नवीन बॅटरी घेताना दुकानदारालाच परत द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. बदलीचा भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, फरक मोठा असतो.

कबाडीचा_मित्र

मगापासून कबाडीला झोडपून राहिले सगळे. शहरातलं लोखंड, तांबं, अॅल्युमिनियम परत कारखान्यात जातं ते त्याच्याचमुळे. तो नसता तर हे सगळं भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगावर असतं.

अंबाझरी

@कबाडीचा_मित्र दादा, मान्य. पण ज्याला भाव नाही ते तो काय करतो? वायर जाळून तांबं काढतो, पीव्हीसीचा धूर मोहल्ल्यात. टीव्हीच्या पडद्यामागच्या काचेच्या नळीची मान तोडून गुंडाळी काढतो, शिशाची काच नाल्यात. दोष त्याचा एकट्याचा नाही, आपण त्याला तसा माल देतो म्हणून.

लोहाओळी

म्हणून वाटणी सामानाच्या आकारावर करू नका, आत काय आहे त्यावर करा. नुसता धातू आणि तार असलेलं (कूलरची बॉडी, मोटर, पंखा, चोक, साधी इस्त्री) कबाडीला खुशाल द्या, वायरी आधीच सोलून किंवा कापून ठेवा. ज्यात अॅसिड, पारा, गॅस, शिशाची काच, लिथियम सेल किंवा हिरवी सर्किटची पट्टी आहे ते नोंदणीकृत रिसायकलरलाच. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी असते, तिच्यात नाव तपासा. घरून उचलणारा कोणी आला तर तो माल पुढे कोणत्या रिसायकलरला देतो ते विचारा आणि पावती मागा. पावतीचं नाव काढल्यावर गाडी निघून गेली तर उत्तर मिळालं.

एका घराचा माल थोडा पडतो, कोणी येत नाही. सोसायटीने दिवाळीआधी एक रविवार ठरवून गोळा केला तर येतात.

मुगवडी

यादीत नाही, पण बंद फ्रिज धान्य ठेवायला वापरला तर? उंदीर-मुंग्या लागत नाहीत.

वायरमन_रिटायर्ड

घरात लहान मुलं असतील तर दार काढूनच. आत बसून दार लागलं की हवा संपते. मी तरी सुचवणार नाही. पाठीमागच्या नळ्या कापून तांबं काढायला तर बिलकूल जाऊ नका. कॉम्प्रेसरवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो पेटणारा गॅस आहे. जुन्यात आर-१२ असेल तर तो ओझोनचा थर खातो. भिंतीतल्या जुन्या फोममध्येही तसलाच वायू, म्हणून फोडायचाही नाही. अख्खा एक्स्चेंजमध्ये द्या.

संत्राबर्फी

बहुतेक सगळं मिळालं, धन्यवाद मंडळी. मायक्रोवेव्ह आणि डबडा टीव्ही तेवढे राहिले. मायक्रोवेव्हमध्ये आत ठिणग्या उडतात, बाकी गरम करतो.

मल्टिमीटर

ठिणग्या असतील तर दुरुस्ती बाहेरूनच होण्यासारखी आहे. आतल्या बाजूच्या भिंतीवर अभ्रकाचा करडा पत्रा असतो. त्यावर तेल उडून तो जळतो आणि तिथून ठिणगी येते. प्लग काढा, पत्रा काढा, नवीन अभ्रकाच्या पत्र्यातून जुन्याच्या मापाने कात्रीने कापून बसवा. आतला जळका डाग ओल्या फडक्याने पुसा. रंग उडून लोखंड दिसत असेल तर मायक्रोवेव्हसाठीचा रंग मिळतो, तोच लावा.

बाहेरचं लोखंडी कव्हर मात्र उघडायचं नाही. आतला कपॅसिटर २००० व्होल्टच्या घरातला असतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. मॅग्नेट्रॉनची (गरम करणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या भागाची) गुलाबी-पांढरी चकती काही वेळा बेरिलियम ऑक्साइडची असते, फुटली की तिची धूळ फुप्फुसाला घातक. त्याच्या ट्रान्सफॉर्मरपासून वेल्डिंग करण्याचे व्हिडिओ बघून माणसं मेली आहेत. फिरती काचेची थाळी आणि खालची चाकं काढून ठेवा, कोणाची ना कोणाची फुटलेली असतेच.

टीव्ही तसाच, न उघडता द्यायचा. बंद असला तरी नळीवर विजेचा मोठा भार राहू शकतो, आणि आत निर्वात असल्याने मान तुटली तर काच आतल्या बाजूला फुटून उडते. उचलताना काचेची बाजू छातीकडे धरा, सगळं वजन तिकडेच असतं. चालू असेल तर आधी आयटीआयमध्ये किंवा दुरुस्ती शिकवणाऱ्या क्लासला विचारा, सरावाला घेतात कधी कधी.

झिरोमाईल

आणि रिमोटमधले सेल आधी काढा. गळलेले असले तर हात धुवा.